केडलस्टन ते कलकत्ता : एका वाड्याची गोष्ट

इंग्लंडात स्थिरावलेल्या प्रत्येक मराठी घरात एक कार्यक्रम ठरलेला असतो. भारतातून आई-वडील किंवा सासू-सासरे आले, की पहिल्या शनिवारी टॉवर ब्रिज, दुसऱ्या शनिवारी विंडसर कॅसल आणि तिसऱ्या शनिवारी शेक्सपिअरचं स्ट्रॅटफर्ड. मधल्या वारी मादाम तुसाँ आणि वेम्ब्लीची भाजीखरेदी. पाहुणे पहिल्यांदा आलेले असले तर हे ठीक. पण तिसऱ्यांदा आलेले आजोबा जेव्हा चहाच्या कपावरून नजर वर करून "आता नवीन काय दाखवणार?" असं विचारतात, तेव्हा आमच्यासारख्यांची पंचाईत होते.

अशाच एका पंचाइतीच्या दिवशी आम्ही नॅशनल ट्रस्टचं हँडबुक उघडलं आणि डर्बीशरच्या पानावर थांबलो. केडलस्टन हॉल. खाली नाव होतं कर्झन घराण्याचं. "कर्झन? तो बंगालच्या फाळणीवाला?" आजोबांनी चष्मा पुसला. झालं, बेत ठरला! तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची भाजी, थर्मासभर चहा आणि मागच्या सीटवर कुरकुरणारी मुलं, असा सगळा सरंजाम घेऊन आम्ही एम-वनला लागलो.

डर्बी शहराच्या वायव्येला, गाडीनं पंधरा-वीस मिनिटांवर हे ठिकाण आहे. फाटकातून आत शिरल्यावर वाडा लगेच दिसत नाही. आधी नुसती हिरवळ, जुनी ओकची झाडं आणि त्यांच्याखाली चरणाऱ्या मेंढ्या. मग रस्ता तळ्यावरच्या तीन कमानींच्या दगडी पुलावरून जातो आणि समोर चढावर तो एकदम उभा राहतो. मधोमध सहा उंच खांबांचा द्वारमंडप आणि दोन्ही बाजूंना कवेत घेतल्यासारखे वळलेले दोन पंख. मागच्या सीटवरची कुरकुर थांबली. आणि मग आमच्या बारा वर्षांच्या चिरंजीवांनी एक प्रश्न टाकला.

"आजोबा, हे सगळं आपल्याकडून लुटून बांधलंय का?"

शाळेत त्यांचा ब्रिटिश साम्राज्याचा धडा नुकताच झाला होता. आजोबा म्हणाले, "आधी पाहू या, मग बोलू." हा लेख म्हणजे त्या पाहण्याची आणि नंतरच्या बोलण्याची हकिगत आहे.

गाव हललं, वाडा उभा राहिला

कर्झन हे मूळचे नॉर्मंडीचे. बाराव्या शतकापासून हे घराणं केडलस्टनला नांदतंय. एकाच जागी आठशेहून अधिक वर्षं! आपल्याकडे वतनदारांची जुनी घराणी असतात, पण इतका काळ एकाच जमिनीला चिकटून राहिलेली घराणी विरळाच. मिळवलेलं सोडायचं नाही, अशा अर्थाचं त्यांचं ब्रीदवाक्यच होतं.

१७५८ साली सर नथॅनिएल कर्झन या बत्तिशीच्या तरुणाच्या हाती इस्टेट आली. वडिलांच्या काळचं चांगलं विटांचं घर उभं होतं, जेमतेम साठ वर्षांचं. पण नथॅनिएलला चित्रांचा, मूर्तींचा आणि रोमन वास्तुकलेचा भारी नाद. डर्बीशरमध्येच ड्यूक ऑफ डेव्हनशरचा चॅट्सवर्थ झळकत होता. ड्यूक व्हिग पक्षाचा, कर्झन टोरी पक्षाचे. तेव्हा शेजाऱ्याच्या तोडीस तोड वाडा हवाच! जुनं घर पाडायला घेतलं आणि १७५९ मध्ये नव्याचं काम सुरू झालं.

पण घर पाडून भागणार नव्हतं. वाड्यापाशीच केडलस्टनचं गाव होतं आणि डर्बीकडे जाणारा हमरस्ताही जवळूनच जात होता. नव्या वाड्याच्या खिडकीतून तळं दिसायला हवं, हिरवळ दिसायला हवी. लोकांच्या झोपड्या आणि धुरांडी नकोत. म्हणून गाव उचलून पलीकडे नेलं, रस्ता वळवला आणि ओढा अडवून तळी केली. जागेवर राहिलं ते फक्त गावचं चर्च. आज ते वाड्याला खेटून असं काही उभं आहे, की अनोळखी माणसाला ते वाड्याचंच देवघर वाटावं. त्या काळच्या इंग्लंडात असं अनेक ठिकाणी झालं. 'निसर्गरम्य' वाटणाऱ्या या हिरवळीखाली कुणाची तरी अंगणं आहेत, हे मात्र पुलावरून येताना आम्हाला कुणालाच सुचलं नव्हतं.

तीन स्थपती आणि चार पंख

नथॅनिएल कर्झननं एकामागून एक तीन स्थपती नेमले. आधी मॅथ्यू ब्रेटिंगहॅम, मग जेम्स पेन आणि शेवटी रॉबर्ट ॲडम. ॲडम हा स्कॉटलंडचा, तेव्हा जेमतेम तिशीचा. १७५४ ते १७५८ अशी चार वर्षं युरोपात, मुख्यतः रोममध्ये राहून, प्राचीन अवशेषांची मोजमापं घेऊन तो नुकताच परतला होता. येताना त्यानं ॲड्रिॲटिक किनाऱ्यावरच्या स्प्लिट इथल्या डायोक्लिशन बादशहाच्या राजवाड्याचीही चित्रं काढून आणली होती. केडलस्टनला त्याच्याकडे आधी फक्त बागेतल्या छोट्या इमारतींचं काम दिलं होतं. पण त्यानं मालकावर अशी काही छाप पाडली, की १७६० मध्ये सगळा वाडाच त्याच्या हाती आला. बिचारा पेन बाजूला पडला. ऑफिसात नवा हुशार मुलगा येतो आणि बघता बघता साहेबाच्या केबिनमध्ये जाऊन बसतो, तसलाच हा प्रकार!

वाड्याचा आराखडा समजून घेणं सोपं आहे आणि पुढच्या गोष्टीसाठी ते जरूरही आहे. सोळाव्या शतकात इटलीत आंद्रेआ पॅलाडिओ नावाचा थोर स्थपती होऊन गेला. त्यानं मोचेनिगो घराण्यासाठी एका वाड्याचा नकाशा काढला होता. मध्ये मुख्य इमारत, चार कोपऱ्यांना चार लहान इमारती आणि त्यांना जोडणाऱ्या अर्धवर्तुळाकार वळणाच्या पडव्या. पॅलाडिओचा हा वाडा त्या स्वरूपात कधी बांधला गेलाच नाही, पण त्याचा नकाशा पुस्तकातून युरोपभर पोचला. केडलस्टनचा मूळ बेत याच धर्तीवर होता. उत्तरेकडच्या दोन पंखांपैकी एकात कुटुंबाची राहायची जागा आणि दुसऱ्यात स्वयंपाकघर. दक्षिणेकडच्या पंखांपैकी एकात संगीताचं मोठं दालन, तर दुसऱ्यात काचघर आणि प्रार्थनाघर. हे दक्षिणेकडचे दोन पंख मात्र कधीच उठले नाहीत. लॉर्डसाहेबांची हौस दांडगी होती, पण तिजोरीला तळ होता.

म्हणजे मधला भव्य भाग राहण्यासाठी नव्हताच! तो पाहुण्यांना दाखवण्यासाठी. कुटुंब राहायचं बाजूच्या पंखात, बेताच्या उंचीच्या खोल्यांत. हे ऐकून आमच्या सौभाग्यवतींना फार बरं वाटलं. "म्हणजे आपल्या फ्रंट रूमसारखंच की! सोफ्यावर कुणी बसायचं नाही आणि सगळ्यांनी किचनमध्ये गर्दी करायची."

वरून उजेड येणारा चौक

द्वारमंडपातून आत पाऊल टाकलं, की आपण मार्बल हॉलमध्ये येतो. कडेनं वीस खांब, प्रत्येक सुमारे २५ फूट उंच. खांब अलाबास्टरचे आहेत. हा मऊ, दुधी रंगाचा दगड, त्यात गुलाबी-तांबूस शिरा. तो इटलीहून आणलेला नाही. याच भागातल्या खाणींतला आहे. खांबांच्या मागे भिंतींत कोनाडे आणि त्यांत ग्रीक-रोमन मूर्तींच्या प्रतिकृती. वर होमरच्या काव्यातले प्रसंग करड्या रंगात असे रंगवलेत, की ते कोरीव काम वाटावं. छतावरची नाजूक नक्षी चुन्या-गिलाव्यातली, जोझेफ रोझ या कारागिराच्या हातची.

पण आम्हाला काहीतरी ओळखीचं वाटत होतं आणि ते काय, हे कळत नव्हतं. आजोबांना कळलं. त्यांनी मान वर करून पाहिलं आणि म्हणाले, "अरे, हा तर चौक आहे!" खरंच की. बाजूच्या भिंतींना खिडक्या नाहीत, सगळा उजेड छतातल्या झरोक्यांतून खाली उतरतो. प्राचीन रोमन घरात मधोमध वरून उघडी जागा असे, तिच्यावरूनच ॲडमनं ही कल्पना घेतली. आपल्या वाड्यांतल्या चौकाचं कूळ वेगळं, पण घराच्या पोटात आभाळाचा उजेड आणायची युक्ती तीच. फरक एवढाच, की आमच्या आजोळच्या चौकात पाऊस पडायचा, पापड वाळायचे आणि मांजरं झोपायची. इथे झोपायची कुणाची छाती नाही.

मार्बल हॉलच्या मागे सलून नावाचं गोल दालन आहे. रोमच्या पँथिऑन या देवळाची आठवण ठेवून केलेलं. व्यास ४२ फूट आणि घुमटाची उंची ६२ फूट. भिंतीच्या कोनाड्यांत रोमन यज्ञवेदी ठेवल्यासारख्या दिसतात. जवळ जाऊन पाहिलं, तर त्या लोखंडी शेगड्या! डर्बीशरच्या थंडीत रोमन व्हायचं, तर वेदीच्या पोटात कोळसा हवाच. याच दालनाच्या बाहेरच्या अंगाला दक्षिणेची दर्शनी बाजू आहे. ती ॲडमनं रोममधल्या कॉन्स्टंटाइनच्या विजयकमानीवरून रचली. उत्तरेची बाजू पेनच्या कल्पनेतली, भारदस्त आणि सरळ. दक्षिणेची ॲडमची, पुढे-मागे होणारी, चालती-बोलती. दोन्ही बाजूंनी फेरी मारली, की दोन माणसांचे दोन स्वभाव दिसतात.

आतल्या खोल्यांची मांडणीही विचारपूर्वक केलेली आहे. पूर्वेला कलांचा विभाग : संगीतासाठी एक दालन, चित्रांसाठी निळ्या रेशमी भिंतींचा दिवाणखाना आणि साहित्यासाठी ग्रंथालय. पश्चिमेला पाहुणचाराचा विभाग : भोजनगृह आणि खास पाहुण्यांची शयनगृहं. दिवाणखान्यातल्या सोफ्यांना जॉन लिनेलनं सोनेरी मुलाम्याचे जलपुरुष आणि जलकन्या कोरल्या आहेत. मोठ्या पलंगाचे खांब ताडाच्या झाडासारखे आहेत, अगदी वर झावळ्यांसकट. आमच्या कन्येला पलंग पसंत पडला. किंमत विचारू नकोस, एवढंच आम्ही सांगितलं.

हे सगळं पाहायला पहिल्या दिवसापासून लोक येत. नथॅनिएल कर्झन, म्हणजे १७६१ नंतरचे लॉर्ड स्कार्सडेल, यांनी १७६९ मध्येच चित्रांची यादी छापून घेतली होती आणि प्रवाशांसाठी जवळच एक उतारशाळाही बांधली होती. मिसेस गार्नेट नावाच्या कारभारीणबाई हातात ती यादी घेऊन पाहुण्यांना वाडा दाखवत. बाईंचं तैलचित्र आजही वाड्यात आहे. पांढरी टोपी, हातात पुस्तिका आणि 'कशालाही हात लावू नका' अशी नजर. १७७७ मध्ये डॉ. जॉन्सन आपल्या बॉसवेलला घेऊन आला. त्याला वाडा फारसा रुचला नाही. एवढ्या जागेचा नगरभवन म्हणून बरा उपयोग होईल, खांबांच्या दालनात न्यायाधीश आणि गोल खोलीत पंच बसवता येतील, असा शेरा त्यानं मारला. थट्टेत बोललेलं हे वाक्य एका अर्थानं खरं ठरायचं होतं. मात्र इथे नाही, सात समुद्रांपलीकडे.

कलकत्त्याला गेलेला नकाशा

१७९८ मध्ये रिचर्ड वेलस्ली गव्हर्नर-जनरल होऊन कलकत्त्याला पोचला. तिथलं घर त्याला आपल्या पदाला शोभेसं वाटेना. एवढ्या मुलुखाचं राज्य व्यापाऱ्याच्या पेढीवरून करायचं नाही, ते राजवाड्यातूनच व्हायला हवं, असा त्याचा खाक्या. बांधकाम सोपवलं कॅप्टन चार्ल्स वायट या लष्करी इंजिनिअरकडे. आता गंमत पाहा. केडलस्टनच्या बांधकामावर देखरेख करणारा सॅम्युएल वायट याच घराण्यातला. शिवाय केडलस्टनचे नकाशे १७६७ मध्ये पुस्तकात छापूनही आले होते. कॅप्टन वायटनं सरळ तोच नमुना उचलला : मध्ये मुख्य इमारत आणि वळणदार पडव्यांनी जोडलेले पंख. डर्बीशरमध्ये दोनच पंखांवर काम थांबलं होतं. कलकत्त्यात चारही पंख उठले. बंगालच्या उकाड्यात चहूबाजूंनी वारा खेळायला ही रचना सोयीची होती. स्वयंपाकघराला मात्र जागाच उरली नाही. ते आवाराबाहेर ठेवावं लागलं आणि लाटसाहेबांचं जेवण रस्त्यावरून आणावं लागे.

जे पैशांअभावी डर्बीशरमध्ये जमलं नाही, ते कलकत्त्यात जमलं. पैसा कंपनीचा होता, म्हणजे शेवटी रयतेच्या सारावसुलीतला. लंडनचे संचालक खर्चाचे आकडे पाहून हादरले. १८०५ मध्ये वेलस्लीला परत बोलावलं गेलं, त्यामागच्या नाराजीत या वाड्याचाही वाटा होता.

इथे आमच्या आजोबांनी तारखा जुळवायला सुरुवात केली. निवृत्त मास्तरच ते, त्यांना कोण थांबवणार? गव्हर्नमेंट हाउसच्या उद्घाटनाचा मोठा समारंभ झाला २६ जानेवारी १८०३ रोजी. त्याआधी चारच आठवडे, ३१ डिसेंबर १८०२ ला, दुसऱ्या बाजीरावानं वसईच्या तहावर सही केली होती. ऑक्टोबरात यशवंतराव होळकरांनी हडपसरला पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला आणि पेशवा पुणं सोडून पळाला. इंग्रजांचा आसरा घेताना त्यानं त्यांची तैनाती फौज पत्करली आणि तिच्या खर्चापोटी २६ लाखांचा मुलूख तोडून दिला. त्याच वर्षी, २३ सप्टेंबर १८०३ ला, आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईच्या मैदानात शिंदे-भोसल्यांच्या फौजा हरल्या. समोरचा सेनापती होता आर्थर वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन आणि गव्हर्नर-जनरलचा सख्खा भाऊ.

"म्हणजे बघ," आजोबा नातवाला म्हणाले, "पुण्याचा कारभार ज्या घरातून हलवला गेला, त्या घराचा नकाशा इथला. तू विचारलंस ना? वाडा इथे आधी बांधला, तो शेतीच्या खंडावर. आपल्याकडून नेलेला पैसा यात घातल्याचं दिसत नाही. पण याची सावली आपल्यावर पडली ती अशी."

तोच वाडा, दुसऱ्यांदा

गोष्ट इथे संपली असती तरी चाललं असतं. पण ११ जानेवारी १८५९ ला केडलस्टनमध्ये जॉर्ज नथॅनिएल कर्झनचा जन्म झाला. त्याचं बालपण काही सुखाचं नव्हतं. मिस पॅरामन नावाची दाई-शिक्षिका अतिशय कठोर. गुन्ह्यांची नावं लिहिलेली टोपी घालून ती या लहान मुलाला गावातून फिरायला लावी. असा हा मुलगा चाळिशी गाठायच्या आत, जानेवारी १८९९ मध्ये, व्हाइसरॉय होऊन कलकत्त्याच्या गव्हर्नमेंट हाउसात राहायला गेला. स्वतःच्याच घराच्या प्रतिकृतीत! त्या घराचं त्याला इतकं अप्रूप, की तिथल्या सगळ्या गव्हर्नरांचा आणि त्यांच्या घरांचा इतिहास त्यानं दोन खंडांत लिहून काढला. तो १९२५ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला.

२६ जानेवारी १९०३ ला वाड्याला शंभर वर्षं झाली, तेव्हा कर्झननं तिथे वेशभूषेचा बॉल दिला. पाहुण्यांनी १८०३ चे पोशाख घालून यायचं. यजमान स्वतः झाला होता वेलस्ली. तारखेचा योगायोग काय असतो पाहा. पुढे सत्तेचाळीस वर्षांनी, १९५० मध्ये, याच तारखेला भारत प्रजासत्ताक झाला.

त्याच जानेवारीत दिल्लीला प्रचंड दरबारही भरला होता. लाल किल्ल्यातल्या नृत्यसमारंभात लेडी मेरी कर्झननं जो पोशाख घातला, तो केडलस्टनला ठेवला आहे आणि आमच्या घरातल्या बायकांनी त्याच्यासमोर अर्धा तास काढला. त्याला 'पीकॉक ड्रेस' म्हणतात. भारतीय कारागिरांनी जरदोजीनं सगळ्या कापडावर मोराची पिसं भरली आणि प्रत्येक पिसाच्या डोळ्यात हिरव्या-निळ्या भुंग्याचं चमकदार पंखकवच टाचलं. मग कापड पॅरिसला वर्थच्या दुकानात जाऊन शिवलं गेलं. वजन दहा पौंडांच्या आसपास. वर्थचं नाव जगाला ठाऊक आहे, बाईंचंही आहे. सुई धरणाऱ्यांची नावं आम्हाला कुठे वाचायला मिळाली नाहीत. आजी काचेला जवळजवळ नाक लावून म्हणाल्या, "हे टाके एका हातचे नव्हेत गं. किती जणांचे डोळे गेले असतील!"

दरबाराच्या दोन-तीन वर्षं आधीच, १८९९-१९०० मध्ये, मुंबई इलाख्यासह देशाच्या मोठ्या भागानं भीषण दुष्काळ पाहिला होता. हे बोलून दाखवणारा माणूस कर्झनच्या समोरच बसत असे. गोपाळ कृष्ण गोखले. मार्च १९०२ मध्ये त्यांनी कायदेमंडळात अंदाजपत्रकावर पहिलं भाषण केलं. लोक हलाखीत असताना सरकारी तिजोरीत शिल्लक दिसते, याचा अर्थ कर जास्त आहेत, असं त्यांनी आकडेवारीनिशी मांडलं आणि मिठावरचा कर कमी करण्याची मागणी केली. व्हाइसरॉय अध्यक्षस्थानी, सभासद बहुतेक सरकारी आणि हा पस्तिशीचा पुण्याचा प्राध्यापक एकेक आकडा पुढे ठेवतोय. पुढच्या वर्षी मिठाचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. १९०५ मध्ये बंगालची फाळणी झाल्यावर बनारसच्या काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून गोखल्यांनी कर्झनच्या कारभाराची तुलना थेट औरंगजेबाच्या कारभाराशी केली. गोखले मवाळ होते, असं आपण शाळेत शिकलो. मवाळांचा शब्द असा असेल, तर जहालांची काय कथा!

पण न्यायानं दुसरी बाजूही सांगायला हवी. १९०४ चा प्राचीन स्मारकांच्या जतनाचा कायदा कर्झनच्याच काळातला. मरगळलेल्या पुरातत्त्व खात्याला त्यानं पुन्हा उभं केलं आणि ताजमहालाच्या दुरुस्तीकडे जातीनं लक्ष दिलं. इंग्लंडात परतल्यावर त्यानं टॅटरशॉल आणि बोडियम हे दोन पडके किल्ले विकत घेतले, दुरुस्त केले आणि नॅशनल ट्रस्टला देऊन टाकले. जुन्या दगडांवर त्याचा जीव होता. त्या दगडांमध्ये राहणाऱ्या माणसांचं म्हणणं ऐकून घेण्याची मात्र त्याला सवय नव्हती.

मग उत्तर काय?

वाड्याच्या तळमजल्यावर कर्झननं पूर्वेकडून आणलेल्या वस्तूंचं संग्रहालय आहे. चांदीचं, हस्तिदंती काम, शस्त्रं, कापडं. काही वस्तू नजराणे म्हणून आलेल्या, काही प्रवासात विकत घेतलेल्या. आता 'नजराणा' म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. व्हाइसरॉयला नजराणा देऊ नये, असं कुठल्या संस्थानिकाच्या मनात आलं, तरी तो बोलणार कुणाला?

ट्रस्टनं २०२० मध्ये आपल्या वास्तूंच्या वसाहतींशी आणि गुलामगिरीशी असलेल्या संबंधांवर एक अहवाल काढला. त्यात ९३ ठिकाणांची नोंद होती. त्यावरून इथल्या वर्तमानपत्रांत बराच गदारोळ झाला. काहींना वाटलं, की आमच्या सुंदर वाड्यांना नावं ठेवताय. आम्हाला विचाराल तर अशी नोंद करण्यात वाड्याचं काहीच कमी होत नाही. ॲडमचे खांब आहेत तितकेच सुंदर राहतात. आमच्या मुलांना मात्र त्यामुळे तिथे उभं राहायला जागा मिळते. ती या देशात जन्मली आहेत. हा त्यांचाही इतिहास आहे आणि दोन्ही बाजूंनी त्यांचा आहे. त्यांना नुसतं 'लुटलं' म्हणून सोडून देणं सोपं, नुसतं 'किती सुंदर' म्हणून फोटो काढणंही सोपं. तारखा नीट लावून, कुठला पैसा कुठून आला आणि कुठला नकाशा कुठे गेला, हे त्यांना सांगणं जरा कष्टाचं आहे. ते काम शाळा पुरतं करणार नाही. ते आपल्याला, आणि आजी-आजोबा इथे असेतो त्यांनाच, करावं लागेल.

निघण्याआधी आम्ही चर्चमध्ये डोकावलो. गाव गेलं तरी जागेवर राहिलेलं हेच ते चर्च. दक्षिणेच्या दारावर नॉर्मन काळातलं कोरीव काम आहे आणि आत शतकानुशतकांचे कर्झन दगडाच्या मूर्ती होऊन निजलेत. १९०६ मध्ये लेडी मेरी अवघ्या छत्तिसाव्या वर्षी वारली, तेव्हा नवऱ्यानं तिच्यासाठी इथे एक स्मारकदालन बांधून घेतलं. संगमरवरात ती झोपली आहे आणि शेजारी तो स्वतः. दोघांच्या मूर्ती बर्ट्रम मॅकेनल या शिल्पकारानं घडवल्या. गोखल्यांना न जुमानणारा हा माणूस बायकोच्या मरणानं पुरता खचला होता. आजींनी वाकून नमस्कार केला. "कुणाला केलात?" असं आम्ही विचारलं. "बाईला," त्या म्हणाल्या, "लेकरं लहान असताना गेली ना!"

बाहेर हिरवळीवर सतरंजी पसरून पुऱ्या संपवल्या. जिथे बसलो होतो, तिथे कधीकाळी कुणाचं घर असेल का, असं चिरंजीवांनी विचारलं. असेलही, असं म्हणून आजोबांनी त्याच्या हातात शेवटची पुरी ठेवली.

जाणाऱ्यांसाठी : एम-वनच्या २५ नंबरच्या जंक्शनवरून डर्बीकडे वळायचं, पुढे केडलस्टन हॉलच्या तपकिरी पाट्या दिसतात. गाडी नसेल तर लंडनच्या सेंट पँक्रसहून डर्बीला थेट रेल्वे आहे. वाडा १९८७ पासून नॅशनल ट्रस्टकडे आहे, सभासदांना प्रवेश मोफत. आतली दालनं रोज उघडी असतीलच असं नाही, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करावी. 'द डचेस' हा २००८ चा चित्रपट पाहिला असेल तर काही खोल्या ओळखू येतील. पायांत चालायचे बूट हवेत, तळ्याभोवतीची फेरी चुकवू नका. आणि पुढे कधी कलकत्त्याला जाणं झालं, तर स्वातंत्र्यानंतर राजभवन म्हणून ओळखल्या गेलेल्या त्या वास्तूसमोर मिनिटभर थांबा. चारही पंख मोजा. दोन इथे आहेत, दोन फक्त तिथेच.